पी आयलंडचे जीवरक्षक : शंभर वर्षांनी मिळालेला न्याय

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. ही गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु ज्यांची बेडी तुटली त्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. कागदावर स्वातंत्र्य मिळाले, पण भाकरीचे काय? मानाचे काय? कालपर्यंत ज्याला बाजारात विकता येत होते, त्याच्या हुकमात काम करायला आज गोरा माणूस तयार होता का?

या प्रश्नांची उत्तरे देणारी एक हकीकत अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर घडलेली आहे. ती एका राजाची नाही, पुढाऱ्याचीही नाही. बुडत्या जहाजावरची माणसे वाचवणाऱ्या एका लहानशा सरकारी ठाण्याची आणि तिथल्या सात काळ्या नोकरदारांची ती हकीकत आहे. त्यांच्या प्रमुखाचे नाव होते रिचर्ड इथरिज.

जहाजांचे स्मशान

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथे मुख्य जमिनीपासून दूर, समुद्रात वाळूचे लांबच लांब, अरुंद दांडे पसरलेले आहेत. त्यांना 'आऊटर बँक्स' म्हणतात. एका अंगाला खवळलेला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. मधल्या वाळूच्या पट्टीवर ना मोठे झाड, ना डोंगराचा आडोसा. दक्षिणेकडून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह आणि उत्तरेकडून येणारे थंड पाणी हॅटेरास नावाच्या टोकाजवळ एकमेकांना भिडतात. पाण्याखालची वाळू सतत जागा बदलते. काल जिथे खोल पाणी होते, तिथे आज जहाजाचा तळ रुतून बसतो. वादळात सापडलेली शेकडो जहाजे इथे फुटली. म्हणून खलाशांनी या किनाऱ्याला नाव ठेवले : अटलांटिकचे स्मशान.

या स्मशानावर पहारा बसवण्यासाठी अमेरिकन सरकारने १८७४ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर सात जीवरक्षक ठाणी बांधली. पण पैसे कमी, माणसे कमी, आणि ठाणी फक्त हिवाळ्याचे काही महिने उघडी. त्याचे फळ लवकरच मिळाले. २४ नोव्हेंबर १८७७ रोजी 'ह्युरॉन' ही आरमाराची बोट किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर फुटली. जवळच ठाणे होते, पण त्याला कुलूप होते, कारण ते १ डिसेंबरला उघडायचे होते. ९८ माणसे बुडाली. दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी १८७८ रोजी, 'मेट्रोपोलिस' हे जहाज त्याच किनाऱ्यावर गेले आणि आणखी ८५ जीव गेले. वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरले. मग १८७८ साली जीवरक्षक सेवेचे स्वतंत्र खाते झाले, समनर किंबॉल नावाचे कडक शिस्तीचे अधिकारी त्याचे प्रमुख झाले आणि नवी ठाणी उभी राहिली. त्यांतलेच एक ठाणे पी आयलंडचे. पी म्हणजे वाटाणा. वाळूत उगवणाऱ्या रानवाटाण्याच्या वेलांवरून त्या जागेला हे नाव पडले.

ठाण्याचे काम कसे चाले

प्रत्येक ठाण्यावर एक प्रमुख असे. त्याला 'किपर' म्हणत. त्याच्या हाताखाली सहा जीवरक्षक असत आणि त्यांना एक ते सहा असे क्रमांक असत. पहिला क्रमांक मानाचा, सहावा सर्वांत खालचा. लाकडी इमारतीच्या तळाला होडी आणि सामानाची गाडी, वरती झोपायची जागा आणि त्याच्यावर टेहळणीची जागा.

रात्री गस्त घालावी लागे. जीवरक्षक हातात कंदील घेऊन पायी निघे. वाळू तुडवत शेजारच्या ठाण्याच्या दिशेने चालत जाई. तिकडून त्या ठाण्याचा माणूस येई. दोघांची भेट झाली की ते पितळेचे बिल्ले बदलत. हा बिल्ला सकाळी प्रमुखाला दाखवावा लागे. म्हणजे माणूस खरोखर तिथवर गेला होता, याचा तो पुरावा. वाटेत संकटात सापडलेले जहाज दिसले तर तो लाल चंद्रज्योत पेटवी. 'तुम्हाला आम्ही पाहिले आहे, धीर धरा,' असा तो निरोप असे.

आठवड्याचा प्रत्येक वार ठरलेला होता. कधी होडीचा सराव, कधी निशाणांच्या भाषेचा, कधी बुडालेल्या माणसाचा श्वास परत आणण्याचा. सर्वांत महत्त्वाचा सराव दोर टाकण्याचा. लाइल नावाच्या अधिकाऱ्याने तयार केलेली एक छोटी तोफ असे. तिच्यातून गोळ्याबरोबर बारीक दोरी जहाजावर फेकायची. त्या दोरीच्या मदतीने जाड दोर ओढून जहाजाच्या डोलकाठीला बांधायचा. दोराचे दुसरे टोक किनाऱ्यावर, वाळूत खोल पुरलेल्या लाकडी नांगराला बांधायचे. मग या दोरावरून बुचाचे एक कडे सरकवायचे. कड्याला जाड कापडाची तुमान शिवलेली असे. बुडत्या जहाजावरच्या माणसाने त्या तुमानीत पाय घालून बसायचे आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला ओढून आणायचे. हे सारे अंधारात, पावसात, मिनिटांच्या हिशेबात करावे लागे. म्हणून सराव रोज.

जीवरक्षकांमध्ये एक बोलणे रूढ होते : नियमात बाहेर जावेच लागते असे लिहिले आहे, परत यावेच लागते असे कुठे लिहिलेले नाही.

गुलामाचा मुलगा

रिचर्ड इथरिज यांचा जन्म १८४२ साली रोआनोक बेटावर गुलामीत झाला. हे बेट वाळूच्या दांड्यांमागच्या खाडीत आहे. त्यांच्या नावापुढचे 'इथरिज' हे आडनावही मालकाचे. मासेमारी, होडी वल्हवणे, लाटेची नाडी ओळखणे हे ते लहानपणीच शिकले. पण ते आणखी एक गोष्ट शिकले. ती म्हणजे लिहिणे-वाचणे.

ही साधी गोष्ट नव्हती. नॉर्थ कॅरोलिना राज्यात गुलामाला अक्षरे शिकवणे कायद्याने गुन्हा होता. अक्षर हाती आले की माणूस विचार करील, तक्रार लिहील, हक्क मागेल, ही मालकांची भीती. ज्ञानाची दारे बंद ठेवण्यामागचा हेतू सगळीकडे सारखाच असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही इथरिज यांच्या हाती लेखणी आली. ही लेखणी त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

१८६२ साली यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांनी रोआनोक बेट जिंकले. आसपासचे गुलाम पळून बेटावर येऊ लागले आणि तिथे मुक्त माणसांची वसाहत वसली. पुढच्याच वर्षी इथरिज फौजेत भरती झाले. काळ्या सैनिकांच्या ३६ व्या पलटणीत ते सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. व्हर्जिनियातील न्यू मार्केट हाइट्सच्या १८६४ सालच्या लढाईत ही पलटण लढली.

युद्ध संपत आले असताना त्यांना कळले की, आपण इकडे रणात, आणि तिकडे रोआनोक बेटावर सैनिकांच्या बायकामुलांना कबूल केलेला शिधा मिळत नाही, त्यांची लूट होते, त्यांना छळले जाते. तेव्हा १८६५ साली इथरिज आणि त्यांचे सोबती विल्यम बेन्सन यांनी मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या प्रमुखाला, जनरल हॉवर्ड यांना, पत्र पाठवले. खाली सही करताना त्यांनी ती मानवतेच्या वतीने केली. दोन काळ्या सार्जंटांनी जनरलला केलेली ही तक्रार सरकारी दप्तरात आजही जपलेली आहे. हाती आलेल्या अक्षराचा पहिला उपयोग त्यांनी आपल्या माणसांच्या भाकरीसाठी केला.

सहाव्या क्रमांकावरून ठाणेप्रमुख

फौजेतून सुटल्यावर इथरिज गावी परतले. १८६७ साली फ्रान्सिस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मासेमारी आणि शेतीवर संसार सुरू झाला. १८७५ साली ते जीवरक्षक सेवेत लागले. त्या काळी काही ठाण्यांवर काळी आणि गोरी माणसे एकत्र काम करीत. पण काळ्या माणसाचा क्रमांक बहुधा शेवटचा. लाटा सर्वांना सारख्याच, हुद्दा मात्र कातडी पाहून. समुद्राची एवढी जाण असलेले, पलटणीत सार्जंट राहिलेले इथरिज शेजारच्या बॉडी आयलंड ठाण्यावर सहाव्या क्रमांकाचे जीवरक्षक होते.

अशातच ३० नोव्हेंबर १८७९ रोजी पी आयलंड ठाण्याच्या हद्दीत 'हेंडरसन' हे जहाज फुटले आणि चौघे बुडाले. चौकशीसाठी लेफ्टनंट चार्ल्स शूमेकर आले. त्यांना आढळले की गस्तीत हलगर्जी झाली होती आणि ती झाकण्यासाठी खोटे सांगितले गेले होते. गोऱ्या ठाणेप्रमुखाला काढून टाकण्यात आले. आता त्या जागी कोण?

शूमेकर यांनी किनाऱ्यावरची माणसे पारखली आणि रिचर्ड इथरिज यांचे नाव सुचवले. काळ्या माणसाला प्रमुख केले तर विरोध होईल, हे त्यांना पक्के माहीत होते. तरीही, या किनाऱ्यावर जे उत्तम जीवरक्षक आहेत त्यांत हा माणूस आहे, लिहिता-वाचता येणारा आहे, कणखर आहे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. किंबॉल यांनी ते मानले. २४ जानेवारी १८८० रोजी इथरिज पी आयलंडचे प्रमुख झाले. अमेरिकेच्या जीवरक्षक सेवेत ठाणेप्रमुख झालेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ.

काळ्या माणसाचा हुकूम ऐकायला ठाण्यावरचे गोरे जीवरक्षक तयार नव्हते. ते निघून गेले. मग इतर ठाण्यांवर खालच्या क्रमांकावर खितपत पडलेले अनुभवी काळे जीवरक्षक तिथे आणण्यात आले. अशा रीतीने प्रमुखापासून सहाव्या माणसापर्यंत सगळे काळे असलेले देशातले एकमेव ठाणे तयार झाले. बहिष्कार घालणाऱ्यांना वाटले होते की ठाणे कोसळेल. ते कोसळले नाही. उलट ज्यांना कुठेच वर चढू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी या एका ठाण्यावर पहिल्या क्रमांकाची वाट मोकळी झाली.

नेमणुकीला जेमतेम चार महिने झाले आणि मे १८८० मध्ये ठाण्याची इमारत जळून खाक झाली. आग मुद्दाम लावली गेली असा संशय होता. इथरिज यांनी त्याच जागी नवी इमारत उभी करून घेतली आणि आपला सराव पुढे चालू ठेवला. त्यांची शिस्त फौजी होती. आपल्याकडून झालेली एक चूक ही एका माणसाची चूक मानली जाणार नाही, ती साऱ्या काळ्या समाजाच्या माथी मारली जाईल, हे त्यांना कळत होते. शेजारच्या ठाण्याला एखादी चूक माफ होती, पी आयलंडला नव्हती. म्हणून तोफेचा सराव, होडीचा सराव, गस्त आणि रोजची नोंदवही यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. काही वर्षांतच या किनाऱ्यावरचे सर्वांत चोख ठाणे अशी पी आयलंडची ख्याती झाली.

ती रात्र

११ ऑक्टोबर १८९६. मोठे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले होते. समुद्र वाळूचा दांडा ओलांडून पलीकडच्या खाडीला मिळाला होता. चालायला कोरडी वाळूच राहिली नाही, म्हणून गस्त थांबवावी लागली होती. थिओडोर मीकिन्स हे जीवरक्षक ठाण्यावरून टेहळणी करीत होते. अंधारात त्यांना दक्षिणेकडे एक अंधूक उजेड दिसल्यासारखे वाटले. त्यांनी चंद्रज्योत पेटवली. दोघेही, ते आणि इथरिज, डोळे ताणून बघत राहिले. क्षणभराने लांबून उत्तर आले. तिथे जहाज होते.

ते 'ई. एस. न्यूमन' नावाचे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज होते. व्हर्जिनियातील नॉरफोक बंदराकडे निघालेले. वादळाने शिडे फाडली, जहाज सुमारे शंभर मैल भरकटले आणि शेवटी कप्तान गार्डिनर यांनी ते किनाऱ्यावर चढवले. जहाजावर नऊ माणसे होती. त्यांत कप्तानाची पत्नी होती आणि तीन वर्षांचे त्यांचे मूलही होते.

ठाण्यापासून जहाज सुमारे दोन मैल दूर. इथरिज आणि त्यांची माणसे, म्हणजे बेंजामिन बोझर, लुईस वेस्कॉट, डॉर्मन पग, थिओडोर मीकिन्स, स्टॅनली वाइज आणि विल्यम आयर्विंग, सामानाची गाडी घेऊन निघाली. गाडीला खेचरे जुंपलेली. चाके वाळूत रुतत होती, लाटा अंगावरून जात होत्या. ती गाडी त्यांनी कशीबशी जहाजासमोर आणली.

आणि तिथे त्यांना कळले की ज्याचा इतकी वर्षे सराव केला, ते काहीच इथे चालणार नाही. होडी घालावी तर लाटा तिला क्षणात उलटवतील. तोफेने दोर टाकावा, तर दोराचा नांगर पुरायला जमीनच नाही, सगळीकडे पाणी. पुस्तकात लिहिलेले उपाय संपले होते.

पण सरावाचा खरा उपयोग अशा वेळीच होतो. हातपाय शांत राहतात आणि डोके काम करते. इथरिज यांनी ठरवले की दोर जहाजापर्यंत माणसांनीच न्यायचा. सर्वांत तगडे दोघे जीवरक्षक एकाच मोठ्या दोराने एकमेकांना बांधले गेले. दुसऱ्या दोराचे टोक त्यांच्याबरोबर, आणि त्याचे मागचे टोक किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या सोबत्यांच्या हाती. दोघे लाटांत शिरले. पाण्यात फुटक्या जहाजाच्या फळ्या गरगरत होत्या. एक लाट त्यांना मागे लोटी, दुसरी खाली दाबी. शेवटी जहाजावरून टाकलेल्या शिडीपाशी ते पोहोचले.

पहिल्यांदा कोणाला न्यायचे, हा प्रश्न नव्हता. कप्तानाचे मूल दोरीने एका जीवरक्षकाच्या अंगाशी घट्ट बांधले गेले आणि ते त्याला घेऊन किनाऱ्याला आले. मग आई. मग खलाशी, एकेक करून. माणसे दमली की पुढच्या खेपेला दुसरी जोडी जाई. थंड पाण्यात, काळोखात, पुन्हा पुन्हा ते आत गेले. रात्री एकच्या सुमारास नऊच्या नऊ माणसे ठाण्यावर होती. त्यांना कोरडे कपडे मिळाले, ऊब मिळाली. एकही जीव गेला नाही.

ज्या हातांचा हुकूम गोऱ्या जीवरक्षकांनी मानला नव्हता, त्याच हातांना त्या रात्री एका गोऱ्या आईने आपले मूल विश्वासाने दिले. बुडताना जात कोणी विचारत नाही. ती कोरड्यावर आल्यावर आठवते.

कप्तान गार्डिनर मात्र ते विसरले नाहीत. वादळ शमल्यावर त्यांनी किनाऱ्यावर पडलेल्या फळ्यांमधून आपल्या जहाजाच्या नावाची फळी शोधून काढली आणि कृतज्ञतेपोटी ती पी आयलंडच्या जीवरक्षकांना भेट दिली. इथरिज यांनी नेहमीप्रमाणे आपल्या हाताने त्या रात्रीची हकीकत नोंदवहीत लिहिली. काय केले, कसे केले, किती वाजता केले. त्यांत फुशारकी नव्हती. मग ते पुन्हा सरावाला लागले.

पदक मिळाले नाही

अशा पराक्रमासाठी अमेरिकन सरकारचे सुवर्णपदक होते. पी आयलंडच्या सात जणांना ते मिळाले नाही. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १८९९ मध्ये, याच किनाऱ्यावरच्या रॅस्मस मिजेट या गोऱ्या जीवरक्षकाने एकट्याने दहा माणसे वाचवली आणि त्यांना सुवर्णपदक देण्यात आले. मिजेट यांचा पराक्रम खराच होता, पदक योग्यच होते. पण मग पी आयलंडचे काय कमी होते?

८ मे १९०० रोजी रिचर्ड इथरिज आजारपणात ठाण्यावरच वारले. वय ५८. वीस वर्षे त्यांनी एकच ठाणे सांभाळले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने घटनादुरुस्ती केली आणि मतदानासाठी लिहिण्या-वाचण्याची परीक्षा व कर लादला. अडाणी गोऱ्यांना आजोबांच्या नावावर त्यातून सूट होती. आधी ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनाच आता अक्षर येत नाही म्हणून मत नाकारले गेले.

तरीही पी आयलंडचे ठाणे बंद पडले नाही. न्यूमनच्या रात्री दोर धरणारे बेंजामिन बोझर आणि त्यांच्यानंतर लुईस वेस्कॉट ठाणेप्रमुख झाले. बापामागून मुलगा, काकामागून पुतण्या असे रोआनोक बेटावरच्या काळ्या कुटुंबांतले तरुण या नोकरीत येत राहिले. १९१५ साली जीवरक्षक सेवा आणि सरकारी जकात-नौकांचे दल एकत्र होऊन अमेरिकेचे तटरक्षक दल तयार झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. झाले. अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाकडे बाबासाहेबांचे पुढेही लक्ष होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

पी आयलंडच्या ठाण्याला १९४७ साली शेवटचे कुलूप लागले. तोवर यंत्राच्या बोटी आणि विमाने आली होती, किनाऱ्यावरच्या लहान ठाण्यांची गरज राहिली नव्हती. इथरिज यांच्या नेमणुकीपासून शेवटच्या दिवसापर्यंत, सदुसष्ट वर्षे, ते ठाणे काळ्या माणसांनीच सांभाळले.

नोंदवहीची साक्ष

मग हकीकत विस्मरणात गेली. घराघरांतली म्हातारी माणसे ती नातवंडांना सांगत, पण इतिहासाच्या पुस्तकात ती नव्हती. १९९० नंतर काही लोक तिच्या मागे लागले. डेव्हिड राइट आणि डेव्हिड झोबी या दोन विद्यार्थ्यांनी आणि तटरक्षक दलातील कृष्णवर्णीय अधिकारी स्टीव्हन रोचॉन यांनी जुनी दप्तरे धुंडाळली. नॉर्थ कॅरोलिनातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीने तर थेट राष्ट्राध्यक्षांना आणि सिनेटरना पत्रे लिहून विचारले की, या माणसांना पदक का मिळाले नाही?

सरकारपुढे पुरावा काय ठेवायचा? आजोबांनी सांगितलेली गोष्ट कोर्टकचेरीत आणि कार्यालयात चालत नाही, तिथे कागद लागतो. आणि कागद होता. ज्याला अक्षर शिकवणे गुन्हा होता, त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद सरकारी दप्तरात शाबूत होती. एका ठाणेप्रमुखाने खोटे सांगून नोकरी गमावली होती. त्याच्या जागी आलेल्या माणसाने खरे ते लिहून ठेवले, आणि शंभर वर्षांनी त्या खऱ्यानेच साक्ष दिली.

५ मार्च १९९६ रोजी वॉशिंग्टन येथे रिचर्ड इथरिज आणि त्यांच्या सहा सोबत्यांना मरणोत्तर सुवर्णपदक देण्यात आले. ते स्वीकारायला त्यांचे वंशज हजर होते. त्या रात्रीला तेव्हा शंभरावे वर्ष चालू होते. २०१२ साली तटरक्षक दलाच्या एका नव्या जलद गस्तीनौकेला 'रिचर्ड इथरिज' हे नाव दिले गेले. ठाण्याचे जुने स्वयंपाकघर रोआनोक बेटावरच्या मँटिओ गावी आणून तिथे छोटे संग्रहालय केले आहे. इथरिज यांची समाधीही त्याच बेटावर आहे.

पदक मिळाले, चांगले झाले. पण ज्यांनी ते कमावले त्यांच्या छातीवर ते कधी लागले नाही, हेही विसरता येत नाही. त्यांनी पदकाची वाट पाहत काम थांबवले नाही. रोजचा सराव केला, रोजची गस्त घातली आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात वही उघडून त्या दिवशी जे घडले ते लिहून ठेवले.

आपल्या घरीही अशी वही हवी. गिरणीत राबलेले आजोबा, गोदीत ओझी वाहिलेले काका, शहराची सफाई करता करता मुलांना शाळेत घालणारी आई, यांची हकीकत कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? ती घरातल्या शाळकरी मुलामुलींनीच म्हाताऱ्यांजवळ बसून लिहून घेतली पाहिजे. नाव, गाव, साल, काय काम केले, कोणाशी झगडले, कोणाला वाचवले. लिहिलेले असले की शंभर वर्षांनीसुद्धा कोणीतरी ते उघडून वाचते, आणि न्याय मागायला उभे राहते.